अर्ध्या सफरचंदाखालचा प्रश्न

पाचवीच्या वाचनमालेतून एक गोष्ट काढून टाकायची ठरली, आणि ती नेमकी माझी गोष्ट निघाली. माझी म्हणजे मी लिहिलेली नव्हे. मी ती लहानपणी ऐकली आणि नंतर नोकरी संपेपर्यंत दर वर्षी शिकवली, एवढंच. पण भाड्याच्या घरात वर्षानुवर्षं राहिलेला माणूसही ‘आमचं घर’ म्हणतोच की. तसंच हे.

बातमी मला पेन्सिलने दिली. पेन्सिल माझा जुना विद्यार्थी. वर्गात सगळ्यांत उंच आणि काटकुळा, म्हणून मुलांनी हे नाव ठेवलं. आता पोट सुटलंय, केस गेलेत, पण नाव काही सुटलेलं नाही. वाचनमालेचं संपादन त्याच्याकडे असतं. जिना चढून धापा टाकत वर आला आणि खुर्ची समोर असून उभाच राहिला. तेव्हाच मला कळलं की काहीतरी बिनसलंय. लहानपणीसुद्धा गृहपाठ केला नसला की तो असाच, न सांगता उभा राहायचा.

म्हणाला, पुस्तकाची पानं कमी करायची आहेत, ‘अर्धं सफरचंद’ काढायचं समितीने जवळजवळ नक्की केलंय, आणि तुम्हाला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळू नये म्हणून मीच आलो. मी त्याला बसवलं, चहा ठेवला. घरात साखर होती, तरी बिनसाखरेचा केला. पोट मला दिसत होतं.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी गोष्ट सांगते. फार लहान आहे. भाऊ शहरात एका सुताराच्या हाताखाली काम करतो आणि शनिवारी संध्याकाळी घरी येतो. घरी आई आणि धाकटी बहीण. बहिणीला कुणीतरी एक सफरचंद देतं. ती त्याचे दोन भाग करते, लहान भाग आपण खाते, मोठा भाग भावासाठी फडक्यात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवते. त्या शनिवारी भाऊ येत नाही, सुताराकडे जादा काम निघतं. येतो तो त्याच्या पुढच्या शनिवारी. येतो, स्वतःच पाणी ओतून घेऊन पितो, बूट काढतो. आई सांगून टाकते की हिने तुझ्यासाठी काहीतरी ठेवलंय. बहीण पेटी उघडते, ते अर्धं सफरचंद बशीत घालून त्याच्यापुढे ठेवते आणि पाण्याचा पेला घेऊन दाराशी उभी राहते. सफरचंद काळं पडलंय, सुरकुतलंय. भाऊ बशीकडे बघतो. मग ते सगळं खातो, बियांसकट, आणि म्हणतो, ‘गोड आहे.’ संपली गोष्ट.

मला ती वाचून दाखवली आमच्या गुरुजींनी. वाचून झाल्यावर त्यांनी पुस्तक मिटलं, खिडकीपाशी गेले आणि बाहेर बघत उभे राहिले. एक अक्षर बोलले नाहीत. एरवी आमचा वर्ग म्हणजे कावळ्यांची शाळा, पण त्या दिवशी घंटा होईपर्यंत कुणी चुळबुळ केली नाही. मी शिक्षिका झाले त्यात त्या न बोलण्याचा वाटा मोठा आहे.

तर ती गोष्ट का काढायची, असं मी पेन्सिलला विचारलं. त्याने चहाचा घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि सगळं सांगितलं. गोष्टीखाली एक प्रश्न छापलेला असतो, ‘या गोष्टीतून कोणता बोध मिळतो?’ मागच्या परीक्षेत तोच प्रश्न आला. आणि निम्म्याहून जास्त मुलांनी उत्तर लिहिलं की शिळी व खराब झालेली फळे खाऊ नयेत. काहींनी त्यापुढे जाऊन लिहिलं की फळे झाकून थंड जागी ठेवावीत. पेपर तपासणाऱ्यांना हसावं की रडावं कळेना. शेवटी त्यांनी पूर्ण गुण दिले, कारण चूक तरी काय म्हणायची?

समितीत एक निवृत्त डॉक्टर आहेत, लहान मुलांचे. त्यांचं म्हणणं सरळ होतं. मुलांना जे कळायचं ते कळलेलं आहे, आणि त्यासाठी ह्या गोष्टीपेक्षा ‘हात धुण्याचे फायदे’ हा नवा धडा बरा. त्यात निदान कुणी नासकं फळ बियांसकट खाऊन ‘गोड आहे’ म्हणत नाही.

मी पेन्सिलला म्हटलं, मला एक तास मिळवून दे. कुठल्याही शाळेतला, ही गोष्ट अजून न शिकवलेला पाचवीचा वर्ग. तुम्ही दोघं मागे बसा. मुलांना शिळ्या फळापलीकडे काही दिसलं नाही, तर मी स्वतः सही करून देते, काढा म्हणून.

त्याने डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर तयार झाले, पण त्यांनी एक अट घातली. बाईंनी गोष्ट वाचायची, प्रश्न विचारायचे, पण अर्थ सांगायचा नाही. बाईंचा अर्थ मुलांच्या तोंडून वदवून घ्यायचा नाही. अट रास्त होती. मला मात्र त्या रात्री झोप जरा कमीच लागली, कारण शिक्षकाला अर्थ सांगू नको म्हणणं म्हणजे वेलीला आधार देऊ नको म्हणण्यासारखंच.

वर्ग खालच्या मजल्यावर होता. खिडक्या रस्त्याकडे, त्यामुळे मधूनमधून ट्रकचा आवाज. पंखा फिरताना टकटक करायचा आणि त्या टकटकीची मुलांना एवढी सवय की तो थांबला तरच त्यांनी वर पाहिलं असतं. पेन्सिल शेवटच्या बाकावर बसायला गेला आणि पोट अडकल्यामुळे तिरका बसला. मुलं खुदखुदली. डॉक्टर त्याच्या शेजारी ताठ, गुडघे बाकाला टेकलेले, हातात घड्याळ काढून.

नव्या वर्गात मी आधी टोपणनावं विचारते. खरी नावं हजेरीत असतात, खरी मुलं टोपणनावात. पुढच्या बाकावरचा गोलकीपर, कारण तो उडी मारल्याशिवाय कुठलीच वस्तू घेत नाही. खिडकीजवळचा वकील, कारण तो प्रत्येक वाक्याची सुरुवात ‘पण’ने करतो. आणि मधल्या रांगेत, मधल्या बाकावर, मधली. तिला तिन्ही अर्थांनी मधली म्हणतात, असं वकिलाने सांगितलं, कारण ती तीन बहिणींतही मधली आहे. मधलीने मान वर केली नाही.

मी गोष्ट वाचली. सावकाश, आवाज न चढवता. गुरुजी वाचायचे तशी. ‘गोड आहे’ म्हणून पुस्तक मिटलं आणि गप्प राहिले.

गोलकीपरने बाकावरून जवळजवळ उडीच मारली. बाई, शिळं खाऊ नये.

मागे डॉक्टरांनी पेन्सिलकडे पाहून समाधानाने मान हलवल्याचं मला दिसलं.  पण मुलाचं पहिलं उत्तर खोडून काढलं की दुसरं उत्तर वर्गात कुणी देत नाही, हे मी फार आधी शिकले आहे. म्हणून मी त्याचं वाक्य फळ्याच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरात लिहिलं आणि बरोबर आहे म्हणून सांगितलं. ते गोष्टीत नसतं तरी बरोबरच असतं.

मग मी माझी नेहमीची पद्धत सुरू केली. फळ्यावर तीन गोल काढले, ही तीन डोकी, भाऊ, बहीण आणि आई. आता सांगा, कुणाच्या डोक्यात काय आहे? गोष्टीत काय घडलं ते नको. कुणाला काय माहीत आहे, तेवढंच. भावाचं डोकं बटाट्यासारखं झालंय, अशी तक्रार आली. मी कान काढून दिले.

भावाचं डोकं लगेच भरलं. त्याला माहीत आहे की सफरचंद नासलंय. त्याला भूक लागली होती, असं एक जण म्हणाला. वकील उठला. म्हणाला, पण तो खोटं बोलला, आणि खोटं बोलू नये असं पहिलीपासून सांगतात, मग ही गोष्ट पुस्तकात आली कशी? त्यावर बरीच वादावादी झाली. गोलकीपरचं म्हणणं, बहिणीला वाईट वाटू नये म्हणून तो खोटं बोलला, आणि त्याला खोटं म्हणत नाहीत, त्याला ॲडजस्ट करणं म्हणतात. वकिलाने विचारलं, पण मग मी गृहपाठाच्या बाबतीत बाईंना वाईट वाटू नये म्हणून ॲडजस्ट केलं तर? वर्ग हसला. पेन्सिलही हसला, आणि त्याच्या हसण्याने बाक करकरलं.

मला हायसं वाटलं. मुलं शिळ्या फळापलीकडे गेली होती. मी आयुष्यभर शिकवत आले तिथवर ती आपल्या पायांनी आली होती. भोळी बहीण, समंजस भाऊ. आता फक्त बहिणीचा गोल भरायचा राहिला. मी खडू उचलला आणि मुलं सांगत होती तसं तिच्या डोक्यात लिहायला लागले, ‘दादाला आवडलं’.

“नाही, बाई.”

आवाज मधल्या रांगेतून आला. मधली उभी नव्हती राहिली. पुस्तकावर बोट ठेवून बसली होती.

“काय नाही?”

“तिला माहीत आहे.”

“काय माहीत आहे?”

“नासलंय ते. तिने पेटी उघडली ना. वास आला असणार.”

वकील म्हणाला, “पण गोष्टीत वास लिहिलेला नाही.”

“पाणी लिहिलंय,” मधली म्हणाली.

मी खडू खाली ठेवला. मला तिचं म्हणणं कळलं नव्हतं, आणि शिक्षकाला कळलं नाही की ते कबूल करावं हे उत्तम. मी तिला म्हटलं, बाळा, मला कळलं नाही, नीट सांग.

ती मग उभी राहिली. बोट पुस्तकावरून न काढता, जणू जागा हरवेल. म्हणाली, ती पाण्याचा पेला घेऊन उभी आहे. गोलकीपर म्हणाला, त्यात काय, दादा बाहेरून आलाय, बाहेरून आलेल्याला पाणी देतात.

“पाणी तो प्यायलाय,” मधली म्हणाली. “आल्या आल्या. स्वतः ओतून घेतलं, असं वर लिहिलंय. मग परत पाणी कशाला? त्याने अजून घाससुद्धा घेतला नाही आणि ही आधीच पेला भरून उभी. तिला माहीत आहे की त्याला ते गिळवणार नाही.”

वर्गात पानांचा आवाज झाला. सगळी मुलं ती जागा शोधत होती. मीही शोधत होते. ही गोष्ट मला तोंडपाठ आहे, झोपेतून उठवलं तरी म्हणेन. तो पेला मी हजारदा वाचला होता. पण मला वाटायचं, लेखकाने मुलीच्या हातात काहीतरी द्यायचं म्हणून दिलाय.

वकील सहजासहजी हार मानणारा नव्हता. “पण नासलंय हे माहीत होतं तर दिलंच का? टाकून द्यायचं.”

“आई बोलून बसली ना,” मधली म्हणाली. “हिने तुझ्यासाठी काहीतरी ठेवलंय म्हणून. आता नाही दिलं तर त्याला वाटेल, हिनेच खाल्लं.”

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, आमच्या आईच्या तोंडातही तीळ भिजत नाही. वर्गातल्या निम्म्या माना हलल्या. मी तिसऱ्या गोलाकडे पाहिलं. आईच्या डोक्यात आम्ही अजून काहीच लिहिलं नव्हतं, आणि गोष्टीची किल्ली तिथेच होती.

मी ‘दादाला आवडलं’ पुसलं. काय लिहू, असं मधलीला विचारलं. तिने थोडा विचार केला. मग सांगितलं, आणि मी तसंच लिहिलं. ‘त्याने नाही खाल्लं तरी चालेल.’

 ट्रक गेला. पंखा टकटकत होता. मी गुरुजींसारखी खिडकीपाशी जाणार होते. तेवढ्यात डॉक्टर उभे राहिले. बाकातून बाहेर येताना गुडघा आपटला, तो चोळत त्यांनी विचारलं, मी मुलांना एक प्रश्न विचारू का? मी हो म्हटलं. मनात मात्र म्हटलं, आता हात धुणं आलं.

“त्या मुलाच्या पोटात रात्री दुखलं असेल,” डॉक्टर म्हणाले. “नक्कीच दुखलं असेल. त्याचं काय?”

गोलकीपर म्हणाला, “दुखलं असेल. पण त्याने सांगितलं नसेल.”

“आणि तिला कळलं असेल,” वकील म्हणाला, “पण तिने विचारलं नसेल.” आणि खाली बसला. त्या दिवशी पहिल्यांदाच त्याचं वाक्य ‘पण’ने सुरू झालं नव्हतं.

डॉक्टरांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, परत लावला.  घंटा झाली.

मुलं डब्यांकडे धावली. मधली दप्तर भरत होती. मी तिच्या बाकापाशी गेले आणि तिचे आभार मानले. मुलांचे आभार मानायचे तर मोठ्या माणसाचे मानतो तसे, नीट थांबून, डोळ्यांत बघून मानावेत. नाहीतर मानूच नयेत. मी तिला सांगितलं की ही गोष्ट मी तुझ्या आजीच्या वयाची झाले तोवर शिकवत आले आणि ही बहीण मला आज पहिल्यांदा दिसली.

तिला जरा अवघडल्यासारखं झालं.

“मी कुठे काय केलं?” ती म्हणाली. “तिथेच लिहिलंय.”

आणि डबा घेऊन गेली.

शिक्षकांच्या खोलीत पेन्सिलने पाण्याचा ग्लास एका दमात रिकामा केला. डॉक्टर खुर्चीत बसले, घड्याळ मनगटावर बांधलं आणि म्हणाले की त्यांचं मत बदललेलं नाही, नासकी फळं खाऊ नयेत. मग पुस्तक उघडून त्यांनी गोष्टीखालच्या प्रश्नावर बोट ठेवलं.

“पोरगं रडत दवाखान्यात आलं की आम्ही विचारतो, कुठं दुखतंय. दुखण्यातून काय बोध घेतलास, असं मी जन्मात कुणाला विचारलं नाही. हा प्रश्न कुणी घातला?”

पेन्सिलने घसा साफ केला. प्रश्न त्याच्याआधीच्या संपादकाने घातला होता, आणि तो दर आवृत्तीत तसाच छापला जात होता, असं त्याने सांगितलं.

“मग मुलांची काय चूक?” डॉक्टर म्हणाले. “बोध मागितला, त्यांनी दिला. गोष्ट राहू द्या. प्रश्न काढा. आणि पानं कमी पडत असतील तर हात धुण्याच्या धड्यातलं एखादं चित्र उडवा.” दारापर्यंत जाऊन ते वळले. “साबणाचं नको.”

पुढच्या आठवड्यात समिती बसली. मला बोलावलेलं नव्हतं आणि मी गेलेही नसते. मी घरीच होते आणि कामात मन लागत नव्हतं. कपाट आवरायला काढलं आणि सगळा पसारा जमिनीवर ठेवून तशीच बसले. त्या गोष्टीच्या लेखकाबद्दल मला जवळजवळ काहीच माहीत नाही. कधीचेच गेले. मुलांसाठी थोडंच लिहिलं. एखादा सुतार चौकटीची खाच आतून घासून ठेवतो, बाहेरून कुणाला दिसणार नसते तरी, तसा त्यांनी तो पेला तिथे ठेवला आणि कुणाला सांगितलं नाही. वाचणारा कधीतरी येईल एवढ्या भरवशावर. मी आलेच होते, तेही वर्षानुवर्षं, पण माझं लक्ष भावाकडे होतं. ज्याचं लक्ष बहिणीकडे होतं असं कुणीतरी शेवटी आलं, आणि मला ते बघायला मिळालं. गुरुजींना हे सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. कदाचित त्यांना माहीत असेल. कदाचित म्हणूनच ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले असतील. मला विचारायचं सुचलं नाही, आणि आता त्याचं फारसं वाईटही वाटत नाही.

संध्याकाळी पेन्सिलचा फोन आला. गोष्ट राहिली होती. डॉक्टरांनीच बाजू मांडली, आणि एका सदस्याने बोधाचा विषय काढल्यावर डॉक्टरांनी त्याला विचारलं म्हणे की तुम्ही शेवटचं खोटं कधी आणि कुणासाठी बोललात. 

मी पेन्सिलला म्हटलं, तुझं भलं होवो. तो म्हणाला, भलं नंतर होऊ दे, आधी एक अडचण आहे. प्रश्न काढल्यामुळे गोष्टीखाली जागा रिकामी राहतेय. दुसरा प्रश्न द्याल का? किंवा चार ओळींत थोडं रसग्रहण, मुलांना मार्गदर्शन होईल असं? पेल्याबद्दल?

“पेल्याबद्दल एक अक्षर छापायचं नाही,” मी म्हटलं.

“मग तिथे काय घालू?”

“काही नको. मोकळं सोड.”

 फोनमधून त्याच्या ऑफिसातल्या छपाईच्या यंत्राचा आवाज येत होता.

“बाई, वरचे विचारतील. चुकून राहिलं म्हणतील.”

“सांग, बाईंनी सांगितलंय.”

“ह्या वयातही बाईंनी सांगितलंय म्हणू?” तो म्हणाला, पण हसला. पलीकडे कुणाला तरी त्याने मोठ्याने सांगितलेलं मला ऐकू आलं, हे पान असंच जाऊ द्या, खाली काही नाही.